निर्वेदाची दोन घराणी : गोदा-पूर्णा परिसरातील निराशेचा वाङ्मयेतिहास

मराठी समीक्षेत ‘निराशा’ ही संज्ञा बहुधा आरोप म्हणून वापरली गेली आहे. एखाद्या कवीवर निराशावादाचा शिक्का मारला की त्याच्या कवितेचे मूल्यमापन आटोपले, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहाला ती सोसावी लागली. साठोत्तरी लेखनाच्या वाट्याला तिचेच वेगळे रूप आले. ही निराशा इथली नव्हे, महायुद्धाने होरपळलेल्या युरोपातून ती उसनी आणलेली आहे, असे सांगितले गेले. या दोन्ही आक्षेपांमागे एकच गृहीतक होते : मराठी मनाला निराशा मुळात परकी आहे. हे गृहीतक तपासून पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. तपासले असते तर आढळले असते की आधुनिक काळापूर्वी ‘निराश’ हा शब्द मराठी ग्रंथांत सन्मानाने वावरत होता, आणि ‘आशा’ हा शब्द बदनाम होता.

या उलथापालथीचा इतिहास समजून घ्यायचा तर प्रारंभ भरतापासून करणे सोयीचे आहे. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायातील तेहतीस व्यभिचारी भावांच्या यादीत पहिले नाव ‘निर्वेद’ हे आहे. स्वतःविषयी वाटणारा वीट, स्वतःवरचा विश्वास उडणे, असा त्याचा स्थूल अर्थ. तो कशामुळे उपजतो हे सांगताना भरताने दारिद्र्य, व्याधी, अपमान, अधिक्षेप, मारहाण, प्रियजनांचा वियोग ही कारणे दिली आहेत आणि त्याच पंक्तीला तत्त्वज्ञानही बसवले आहे. उपाशी माणसाचा निर्वेद आणि ज्ञानी माणसाचा निर्वेद यांत त्याने भिंत घातलेली नाही. ती नंतर आली. यादीच्या आरंभी इतका अमंगळ शब्द का, या शंकेचे निरसन करताना मम्मटाने असा तर्क लढवला की निर्वेद हा व्यभिचारी असूनही शांतरसाचा स्थायी भाव आहे, हे सुचवण्यासाठीच त्याला अग्रस्थान दिले आहे. अभिनवगुप्ताला हे मान्य नव्हते, त्याचे उत्तर वेगळे आहे. तो वाद येथे बाजूला ठेवता येईल. महत्त्वाचे एवढेच, की या चर्चेतून निर्वेदाची दोन घराणी झाली. तत्त्वज्ञानातून जन्मलेला निर्वेद स्थायी ठरला, त्याला रस मिळाला. दारिद्र्यातून आणि अपमानातून जन्मलेला निर्वेद व्यभिचारीच राहिला : येणारा, जाणारा, दुसऱ्या कुठल्यातरी भावाची चाकरी करणारा.

ही केवळ शास्त्रचर्चा नव्हती. कोणाची निराशा अर्थपूर्ण मानायची आणि कोणाची क्षणिक, याचा तो निवाडा होता. त्याचे परिणाम पाहण्यासाठी मराठी वाङ्मयाचा सगळा पसारा धुंडाळण्याची गरज नाही. पूर्णा हे परभणी जिल्ह्यातील रेल्वे जंक्शनचे गाव मध्यबिंदू धरून पन्नास मैलांचे वर्तुळ काढले, तरी पुरेशी साक्ष मिळते. अजिंठ्याच्या डोंगररांगांतून निघालेली पूर्णा नदी याच परिसरात गोदावरीला मिळते. गोदावरीच्या काठी जनाबाईचे गंगाखेड आहे. उत्तरेला औंढा नागनाथ आहे, जे हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत, परभणी जिल्ह्यातच होते. पश्चिमेला खुद्द परभणी. स्वतःवरची आशा सुटण्याची, एकमेकींशी न जुळणारी उदाहरणे या वर्तुळात सापडतात.

पहिले उदाहरण नामदेवांचे. गोरोबांच्या घरी जमलेल्या संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे डोके तपासले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा महिपतीच्या ‘भक्तविजया’मुळे (१७६२) घरोघर पोचली. कथेतील चमत्कार वगळला तरी तिचा मानसिक गाभा विलक्षण आहे. ज्याच्याशी विठ्ठल बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य खातो, अशा भक्ताला त्याच्या बरोबरीच्या माणसांनी सांगितले, की तू अजून भाजला गेलेला नाहीस. नामदेव रागावले, दुखावले, विठ्ठलाकडे धावले आणि विठ्ठलानेही दुसऱ्याकडे बोट दाखवले. येथे नामदेवांचा विश्वास दोन्हीकडून सुटतो : स्वतःवरचा आणि स्वतःच्या देवावरचाही. त्या अवस्थेत ते विसोबा खेचरांकडे गेले. एका परंपरेनुसार ही भेट औंढ्याला झाली, दुसरी परंपरा बार्शीचे नाव घेते. पिंडीवर पाय ठेवून पडलेला गुरू आणि पाय ठेवायला रिकामी जागा शोधणारा शिष्य, हे दृश्य प्रसिद्धच आहे. येथील निर्वेदाचे कारण अपमान आहे, त्याचे पर्यवसान मात्र ज्ञानात होते. पहिल्या घराण्यातला निर्वेद दुसऱ्या घराण्यात दत्तक जातो. नामदेव जातीने शिंपी होते, तरी या कथेतील अपमान जातीचा नाही, बरोबरीच्यांनी घेतलेल्या परीक्षेचा आहे. दत्तकविधान म्हणूनच सुकर झाले असावे.

जनाबाईचे तसे नाही. गंगाखेडची ही पोर नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. तिच्या नावावरील अभंगांपैकी कोणते तिचे आणि कोणते नंतरचे, हा पाठचिकित्सेचा प्रश्न सुटलेला नाही, पण त्या अभंगांतून उभी राहणारी स्त्री एकजीव आहे. तिचे एकटेपण, तिचे दळण, कांडण, शेण वेचणे हे तिच्या निर्वेदाचे निमित्त नाही, त्याचे सततचे स्वरूप आहे. नामदेवांचे संकट एका दिवशी आले आणि एका गुरुभेटीत फिटले. जनीला रोज पहाटे जात्यावर बसायचे आहे. म्हणून तिच्या अभंगांत निराशेचे रूपांतर ज्ञानात होत नाही, संवादात होते. ती देवाला शिव्या देते, त्याच्याशी भांडते आणि त्याला दळायला बसवते. ऐकणारा समोर आहे, हा तिचा एकमेव आधार. दारिद्र्यातून आलेला निर्वेद येथे स्थायी होतो, आणि तरीही तो शांत होत नाही. मम्मटाच्या कोष्टकात जनीला जागा नाही. तिला वात्सल्य, भक्ती, माधुर्य अशा कप्प्यांत बसवण्याची समीक्षेची धडपड पाहिली की या अडचणीची कल्पना येते.

शब्दाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पुरावा मात्र गोदावरीच्या वरच्या अंगाला, पैठणला सापडतो. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पैठणला आरंभून १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. तिच्या आठव्या अध्यायात पिंगलेची कथा येते. अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी ही एक गुरू, विदेहनगरीतील गणिका. संध्याकाळी सजून ती दारात उभी राहते. रस्त्याने माणसे जातात, प्रत्येकाकडे पाहून तिला वाटते, हा येईल, पैसा देईल. आत-बाहेर करता करता मध्यरात्र होते. कोणी येत नाही. मग तिची आशा तुटते आणि तिला गाढ झोप लागते. आशा हेच दुःख आणि निराशा हेच सुख, असा निष्कर्ष मूळ भागवताने काढला आहे. सांख्यसूत्रांतही पिंगलेचा दाखला याच अर्थाने येतो. एकनाथांनी ही कथा आपल्या रसाळ शैलीत चांगलीच विस्तारली आहे.

येथे ‘निराशा’ म्हणजे आशेचा अभाव नव्हे, आशेपासून सुटका. हा अर्थ महाराष्ट्रातील पारायणांतून शतकानुशतके कानांवर पडत राहिला. तरीही कथेतील एक धागा कोणी उचललेला दिसत नाही. पिंगला त्या रात्री प्रियकराची वाट पाहत नव्हती, गिऱ्हाइकाची पाहत होती. तिचा निर्वेद आरंभी धंदा न झाल्याचा निर्वेद आहे, भरताच्या यादीतील दारिद्र्याच्या शेजारचा. पहाटेपर्यंत तो तत्त्वज्ञान झाला. दुसऱ्या दिवशी तिच्या चुलीचे काय झाले, हे ना व्यासांनी सांगितले, ना नाथांनी. दामाजीपंतांच्या आणि दुष्काळांच्या कथा घोकणाऱ्या समाजाला हा प्रश्न पडू नये, याचे थोडे नवल वाटते. याउलट तुकारामांनी कारणाचा विसर पडू दिला नाही. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, मोडलेला व्यापार आणि बायकोचा मृत्यू यांची नोंद त्यांनी स्वतः करून ठेवली, आणि दिवाळे निघाले ते बरेच झाले असे म्हणतानाही दिवाळे हा शब्द खोडला नाही.

मग ‘निराश’ हा शब्द पडला कधी? इंग्रजी शिक्षण हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते खरे असले तरी अपुरे आहे. ख्रिस्ती धर्मविचारात विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन सद्गुण आहेत आणि आशा सोडणे हे पाप आहे. १८११ मध्ये श्रीरामपूरहून विल्यम केरीचा मराठी नवा करार बाहेर पडला, आणि पुढे मिशनऱ्यांच्या शाळांतून, पत्रिकांतून ही मूल्यव्यवस्था मराठीत रुजत गेली. जो शब्द नाथांना बेडीसारखा वाटत होता तोच आता सद्गुणांच्या पंक्तीत बसला. त्यातून ‘आशावाद’ आणि ‘निराशावाद’ ही जोडी तयार झाली व समीक्षेच्या हाती लागली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्या युरोपातून निराशा आयात केली असे म्हटले जाते, त्या युरोपात निराशेचा सखोल विचार करणारा कीर्केगार्द १८४९ च्या आपल्या ग्रंथात तिला ‘स्व’चा आजार म्हणतो. आपण जे आहोत ते असू नये असे वाटणे हे त्या आजाराचे एक रूप, आणि आपण निराश आहोत याचा पत्ताच नसणे हे दुसरे, कदाचित अधिक गंभीर. त्याच्या डॅनिश भाषेतील निराशेच्या शब्दात ‘शंका’ दडलेली आहे, लॅटिनमधील शब्दात ‘आशा’. डोक्यावर थापटणे पडल्यानंतरचे नामदेव या डॅनिश शब्दाला अधिक जवळचे वाटतात. म्हणजे आयात झाली ती निराशा नव्हे, तिच्याविषयीची लाज.

ही लाज घेऊन जगणारा लेखक परभणीला झाला. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, १९१३ मध्ये सातोन्याला जन्मले. हैदराबादला शिकले आणि निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकून म्हणून परभणीत आयुष्य काढले. उर्दू ही राज्याची आणि उस्मानिया विद्यापीठाची भाषा. मराठीतील लेखकाला आसपास वाचक नाही, छापखाना नाही, मासिके पुण्या-मुंबईची. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला भरले तेव्हा उघड सभेला जाणेही सरकारी नोकराला सोपे नव्हते. अशा कोंडीत त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. निजामी राजवटीतील सरंजामी गावगाडा आणि त्यात चिरडला जाणारा पांढरपेशा हा त्यांचा विषय. ७ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कचेरीतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत निघालेल्या कवितासंग्रहाचे नाव ‘आलाप आणि विलाप’ (१९४१), मृत्यूनंतरच्या संग्रहाचे ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ (१९५५). दुसऱ्या शीर्षकापुरतेच पाहिले तर त्या लाल कडा उगवतीच्या की मावळतीच्या, हे ते सांगत नाही.

बी. रघुनाथांचे वेगळेपण असे, की त्यांच्या निर्वेदाला दत्तक घेणारे कोणी उरले नव्हते. विसोबा नाही, विठ्ठलही नाही. कारकुनाचा अपमान हा कारकुनाचा अपमानच राहतो. गुळगुळीत रोमँटिक दुःखाची भाषा त्यांनी उर्दूच्या संगतीने घडवली, पण कादंबरीकार म्हणून ते त्या भाषेपासून दूर जात राहिले. मराठवाड्याच्या मुक्तीनंतर, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ नंतर, ‘आता आशेचे दिवस आले’ असे म्हणणाऱ्या वातावरणात या लेखनाकडे प्रादेशिक कौतुकाने पाहिले गेले. त्याच्या निराशेकडे मात्र पाहिले गेले नाही.

त्याच काळात पूर्णेत दुसरी हकिगत घडत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज मार्ग येथून गेला, १९१२ मध्ये हिंगोलीचा फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झाले. रेल्वेने गावाबाहेरची वस्ती निर्माण केली आणि महिन्याच्या महिन्याला पगार देणारी, बलुत्यावर न चालणारी नोकरी. येसकरकीच्या काठीतून सुटलेल्या माणसाला आपल्या दैन्याचे कारण गेल्या जन्मात शोधण्याची गरज उरत नाही. पूर्णेत आंबेडकरी चळवळ खोल रुजली, बुद्धविहार उभा राहिला, धम्म परिषदा भरू लागल्या, यामागे ही पार्श्वभूमी आहे.

वाङ्मयदृष्ट्या या घटनेचा अर्थ मोठा आहे. चोखामेळ्याच्या अभंगांत अपमानाचे दुःख उघड आहे, पण त्याचे उत्तर पूर्वकर्माकडे वळते. त्याचा मुलगा कर्ममेळा देवाला अधिक रोखठोक जाब विचारतो, मात्र दार उघडत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला त्यांत चोखामेळा आहे. पण त्यांनी चोखोबांचे दुःख घेतले, त्याचे स्पष्टीकरण घेतले नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांविषयीच शंका उपस्थित केली. जीवन म्हणजे दुःख, मरण दुःख, पुनर्जन्म दुःख, असे म्हटले तर माणसाला आशाच नाकारली जाते आणि धम्म निराशावादी ठरतो, असा त्यांचा आक्षेप होता. ही सत्ये मूळ उपदेशातली की भिक्खूंनी नंतर घातलेली, असा त्यांचा प्रश्न आहे. त्याआधी, बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना, दुःख या शब्दाच्या जागी शोषण वाचले तर बुद्ध मार्क्सपासून दूर नाही, असे त्यांनी सुचवले होते.

पाली परंपरेत ‘निब्बिदा’ ही मुक्तीच्या वाटेवरची पायरी आहे. निब्बिदेतून विराग, विरागातून विमुक्ती. शब्द निर्वेदाचाच सख्खा. आंबेडकरांनी या शब्दाची चर्चा केली नसली तरी त्यांच्या मांडणीने मम्मटाची भिंत पडते. दारिद्र्य आणि अपमान यांतून येणारी निराशा क्षुद्र नाही आणि पवित्रही नाही, तिला कारण आहे व ते कारण दूर करता येते. १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू झालेल्या, पुढे मिलिंद नाव मिळालेल्या महाविद्यालयातून मराठवाड्याच्या खेड्यांतली मुले हीच भूमिका घेऊन लिहू लागली. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाल्यावर मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि नामविस्ताराला १९९४ उजाडले. त्या सोळा वर्षांतील कवितेत संताप दिसतो, तसा निर्वेदही दिसतो. समीक्षेने संताप टिपला, कारण त्याला ‘विद्रोह’ हे नाव तयार होते. निर्वेदाला नाव नसल्यामुळे तो सुटून गेला.

या इतिहासाचे अगदी अलीकडचे प्रकरण वाङ्मयाबाहेरचे आहे, पण भाषेचे आहे. मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयीच्या बातम्यांत ‘नैराश्यातून’ हा शब्द इतक्यांदा छापला गेला की तो आता वाचला जात नाही. २००६ च्या शासन निर्णयानुसार मृताच्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत ठरली. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. राष्ट्रीयीकृत वा सहकारी बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज, नापिकीमुळे ते न फिटणे, आणि परतफेडीचा तगादा हे निकष. भरताची विभावांची यादी आठवावी असाच हा मजकूर आहे. फरक एवढा, की भरताने अपमान धरला होता, शासन निर्णयात तो ‘तगादा’ या एकाच रूपात उरला. परवाना नसलेल्या सावकाराचे कर्ज, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईचे कष्ट, मुलीच्या लग्नात झालेली शोभा, यांतून आलेला निर्वेद अपात्र. निर्वेदाची दोन घराणी पुन्हा उभी राहिली, या वेळी तहसील कचेरीत.

अशा प्रकरणांत मागे राहिलेल्या बाईचा जबाब पंचनाम्यात दोन-चार ओळींचा असतो. तिच्या बोलण्याचा दुसरा दस्तऐवज मात्र उपलब्ध आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. माजलगावच्या भीमनगरातील बायकांच्या ओव्याही त्यांत आहेत. विठ्ठलाच्या जागी तिथे भीमराव आणि बुद्ध येतात, कधी एकाच दळणात सगळेच येतात. या ओव्यांत स्वतःवरची आशा सुटल्याचे बोल अनेक आहेत, आणि ते बोलताना कोणाला तरी हाक मारलेली असते : आईला, भावाला, शेजारणीला, कोणीच नसेल तर समोरच्या जात्याला. गिरणी आल्यावर जाती उंबऱ्याबाहेर गेली. संग्राहक गावात गेले तेव्हा बायकांनी ती पुन्हा आत आणली, घास घातला आणि मगच ओव्या आठवल्या, असे अनेक ठिकाणी घडले. गंगाखेडच्या जनीच्या नावाच्या ओव्याही त्यांत येतात.